बारा तासांचा दिवस कोणाचा?

गेल्या दोन-तीन वर्षांत कामाच्या तासांविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे एक संस्थापक श्री. नारायण मूर्ती यांनी देशातील तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा उपदेश केला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष श्री. सुब्रह्मण्यन यांचे एक बोलणे बाहेर आले. त्यांनी हा आकडा ९० वर नेऊन ठेवला आणि रविवारी घरी बसून बायकोचे तोंड किती वेळ पाहत राहणार, अशा आशयाचा सवालही केला. या दोन्ही उद्गारांवर मध्यमवर्गीय घरांत भरपूर विनोद झाले, व्यंगचित्रे निघाली, आणि आठ-पंधरा दिवसांत सारे विसरूनही गेले.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या आणि त्यांवर मात्र कोणी विनोदही केला नाही. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि वीस किंवा अधिक माणसे असलेल्या दुकाना-कचेऱ्यांतील मर्यादा ९ वरून १० तासांवर नेण्याचा निर्णय घेतला. जादा कामाची तिमाही मर्यादा कारखान्यांसाठी ११५ तासांवरून १४४ तासांवर गेली. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने २९ जुने कामगार कायदे गुंडाळून त्यांच्या जागी चार संहिता अमलात आणल्या. धनिकांचा उपदेश ऐकावयाचा की नाही हे ज्याच्या त्याच्या हाती असते. कायद्याचे तसे नसते. असे असता उपदेशावर आपण संतापलो आणि कायद्याच्या बातमीवरून मात्र पान उलटून पुढे गेलो. हा कारखान्यातल्या मजुरांचा प्रश्न आहे, आपला नव्हे, अशी आपली समजूत होती. ही समजूत खोटी आहे एवढे सांगण्यासाठीच आज आम्ही पहिल्या पानावर येत आहोत.

बारा हा आकडा या शहराला नवा नाही. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने फक्त सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. मोठ्या माणसांना मर्यादाच नव्हती. सूर्य उगवला की गिरणी सुरू आणि मावळला की बंद, हाच काय तो निसर्गाने घातलेला निर्बंध! पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तोही संपला. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या काही गिरण्या दिवसाला चौदा-पंधरा तास चालत असत. प्रौढ पुरुषाच्या कामाला कायद्याने पहिल्यांदा मर्यादा घातली ती १९११ साली, कापडगिरण्यांपुरती, आणि ती होती १२ तासांची. १९२२ मध्ये दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तास ठरले. १९३४ मध्ये दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ झाले. १९४६ मध्ये, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे मजूर खाते असताना मांडल्या गेलेल्या विधेयकाने, ते आठवड्याला ४८ वर आले. १९४८ च्या कारखाना कायद्याने तेच कायम केले. बारांवरून नऊवर येण्यास पस्तीस वर्षे लागली. नऊवरून पुन्हा बारावर जाण्यास मंत्रिमंडळाची एक बैठक पुरली.

ही पस्तीस वर्षेसुद्धा आपोआप सरलेली नाहीत. त्यांच्याही आधी, १८८४ च्या सप्टेंबरात, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेवला. त्या अर्जातील मागण्या आज वाचल्या म्हणजे त्या किती माफक होत्या हे पाहून मन खिन्न होते. रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम असावे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा. काम करताना जायबंदी झालेल्यास काही भरपाई मिळावी. कोणी नफ्यात वाटा मागितला नव्हता की गिरणी ताब्यात मागितली नव्हती. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले आणि दोन स्त्रियांनी त्या सभेत भाषणे केली. त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज मध्यमवर्गीय घरांत ज्या रविवारी सकाळी उशिरा चहा होतो आणि वर्तमानपत्राची पुरवणी वाचली जाते, त्या रविवाराचा उगम इथे आहे. आणि लोखंडे स्वतः साच्यावर उभे राहणारे कामगार नव्हते. ते मांडवीच्या एका गिरणीत भांडारावर होते आणि ‘दीनबंधु’ पत्र चालवीत होते. म्हणजे आजच्या हिशेबाने ते पांढरपेशेच. हा तपशील आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावा.

सरकारची बाजू मांडली पाहिजे आणि ती अगदीच निर्बल नाही. परदेशांतून येणारे भांडवल नियमांचा काच पाहते. हंगामी मागणीच्या दिवसांत कारखानदाराला लवचीकपणा लागतो. जादा तासांना दुप्पट मोबदला आहे. आणि कामगाराची लेखी संमती असल्यावाचून कोणाला जादा तास राबविता येणार नाही, असे सांगण्यात येते. केंद्राच्या संहितेतही मूळ दिवस आठ तासांचाच आहे. नव्या संहितांत चांगलेही काही आहे, ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्रत्येकास नेमणूकपत्र देणे आता सक्तीचे झाले आहे. ठरावीक मुदतीच्या नोकरीतील माणसास वर्षभराच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला आहे. मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत देण्याचा नियम आता सरसकट सर्व नोकरांना लागू आहे. लोखंडे यांनी पंधरा तारीख मागितली होती. १३५ हून अधिक वर्षांनी आपण तिच्याही आठ दिवस अलीकडे आलो, हे काही थोडे नव्हे.

परंतु सगळी इमारत ज्या एका शब्दावर उभी आहे तो ‘संमती’ हा शब्द तपासून पाहण्यासारखा आहे. ज्याची नोकरी अकरा महिन्यांच्या कराराची आहे, ज्याचा ठेकेदार उद्या बदलणार आहे, ज्याच्या घरभाड्याची तारीख जवळ आली आहे, त्याने पर्यवेक्षकाने पुढे केलेल्या कागदावर सही करणे म्हणजे संमती काय? नाही म्हणण्याची सोय असेल तरच हो म्हणण्याला काही अर्थ असतो. ही सोय कायद्याच्या कलमात नसते. ती कायम नोकरीत असते, संघटनेत असते, तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्यात असते. त्या अधिकाऱ्याचे रूपही नव्या व्यवस्थेत पालटले आहे. पूर्वी तो नुसता निरीक्षक होता. आता तो निरीक्षक आणि सुविधाकार असा जोडनावाचा झाला आहे. त्याने कोणाची सुविधा पाहावयाची हे अनुभवान्ती कळेल. संपासाठी सर्वच उद्योगांत चौदा दिवसांची आगाऊ नोटीस आवश्यक झाली आहे आणि निम्म्या माणसांनी एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संपच धरला जाणार आहे. तास वाढविणे सुलभ झाले आणि त्यास विरोध करणे अवघड झाले, हे दोन्ही एकाच वर्षी घडले.

शिवाय बारा तास म्हणजे बारा तास नव्हेत. बदलापूरहून किंवा विरारहून मुंबईत येणाऱ्या माणसाचे जाण्यायेण्यात तीन-चार तास सहज मोडतात. उरलेल्या आठ तासांत झोप, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्या आईचे औषध, हे सर्व बसवावयाचे. ते कोण बसविते, याचा विचार नव्वद तासांचा पुरस्कार करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. त्यांच्या घरी ते काम करणारी माणसे पगारावर आहेत. इतरांच्या घरी ते काम बायका करतात, आणि त्यांपैकी अनेकजणी स्वतःची नोकरी आटोपून करतात.

उद्योगपतींच्या या उपदेशात एक गोष्ट मात्र खरी आहे. ते स्वतः सोळा सोळा तास राबले आहेत आणि त्यांना त्याचा कंटाळा आला नाही. त्याचे कारण सोपे आहे. काय करावयाचे, कसे करावयाचे, कोणाबरोबर करावयाचे, केव्हा थांबावयाचे, हे ते ठरवीत होते, आणि झालेल्या कामाचे फळ त्यांच्या नावावर जमा होत होते. कामात अर्थ असतो तो येथे. हा अर्थ आपल्यापाशी ठेवून केवळ तास दुसऱ्यास देणे, आणि मग त्याला कामाविषयी प्रेम का वाटत नाही म्हणून कंपनीच्या खर्चाने व्याख्याते बोलावणे, हा अलीकडचा एक मोठाच हास्यास्पद उद्योग होऊन बसला आहे. मनःशांतीचे वर्ग भरतात, भिंतींवर सुविचार लागतात, वाढदिवसाला केक कापला जातो. आणि रात्री साडेदहा वाजता साहेबांचा निरोप येतो की सकाळी नऊपर्यंत तक्ता हवा. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात नोकरी करणाऱ्या एका तरुण मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने वरिष्ठांना लिहिलेले पत्र अनेकांनी वाचले असेल. तिच्या मृत्यूचे वैद्यकीय कारण सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु त्यानंतर राज्याच्या कामगार खात्याचे लोक त्या कचेरीत गेले, तेव्हा त्या नामांकित कचेरीने दुकाने व आस्थापना कायद्याखाली साधी नोंदणीही केलेली नव्हती, असे आढळले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारास जो कायदा ठाऊक असतो तो काचेच्या इमारतीत वर्षानुवर्षे पोचलाच नव्हता.

आणि त्या इमारतीतल्या माणसांनीही तो कधी मागितला नाही, कारण ती स्वतःला कामगार मानीतच नाहीत. येथेच सारी मेख आहे. आपल्या काळात कामगाराचे हक्क काढून घेण्यासाठी त्याचे नाव काढून घेतले जाते. घरोघरी जाऊन गरोदर बायकांची नोंद ठेवणारी आशा ही कामगार नव्हे, ती स्वयंसेविका. तिला मिळतो तो पगार नव्हे, मोबदला. पावसात दुचाकीवरून आपले जेवण आणणारा मुलगा नोकर नव्हे, तो ‘पार्टनर’. कोणत्या भागीदारीत एका भागीदाराला दुसऱ्या भागीदाराचा चेहराही ठाऊक नसतो, हे कोणी विचारू नये. आणि संगणकापुढे बसणारा पंचवीस वर्षांचा पदवीधर, ज्याच्या हाताखाली एक माणूस नाही, तो ‘मॅनेजर’. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे व्यवस्थापकीय काम करणारा किंवा दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतनावर देखरेखीचे काम करणारा माणूस कामगार या व्याख्येत बसत नाही. न्यायालये पदाचे नाव न पाहता प्रत्यक्ष काम पाहतात हे खरे. पण न्यायालयापर्यंत जातो कोण? दारावरच्या पाटीने तो आधीच सुखावलेला असतो.

मध्यमवर्गाची स्मरणशक्ती या बाबतीत विलक्षण तोकडी आहे. आज ज्या घरांत पेन्शन येते, ज्या घरांतल्या आजोबांच्या औषधोपचाराचे बिल भरून मिळत होते, त्या घरांना हे सर्व कोणाच्या औदार्याने मिळाले? बँकांतल्या, विमा कंपन्यांतल्या, पोस्टातल्या कारकुनांनी संघटना बांधल्या, वर्गणी भरली, निदर्शने केली. १९७७-७८ साली महाराष्ट्राच्या सरकारी कर्मचाऱ्यांनी केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा म्हणून ५४ दिवसांचा संप केला, तेव्हा कित्येक घरांत दागिने गहाण पडले. ती माणसे पांढरपेशीच होती. त्यांची मुले इंजिनिअर झाली, हिंजवडीला आणि ऐरोलीला गेली, आणि युनियन हा शब्द त्यांना अशिष्ट वाटू लागला. १९८२ च्या जानेवारीत मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि पुढे ते उद्ध्वस्त झाले, तेव्हा संपाच्या डावपेचांत काय चुकले यावर पुष्कळ चर्चा झाली, ती रास्तही होती. पण दादर आणि गिरगाव यांनी परळकडे पाठ फिरविली होती, ही गोष्ट त्या चर्चेत क्वचितच आली.

या आरोपांतून आम्ही स्वतःला वगळू इच्छीत नाही. पत्रकारांसाठी १९५५ साली स्वतंत्र कायदा झाला. चार आठवड्यांत १४४ तासांहून अधिक काम नको, असे त्यात होते. योगायोग पाहा, तोच १४४ आकडा आता तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा म्हणून परत आला आहे! १९५५ चा तो कायदाही नव्या संहितांत विसर्जित झाला. आणि खरे सांगावयाचे तर त्याच्या कितीतरी आधी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांनी करारपत्रांच्या वाटेने त्याला निरोप दिलेला होता. आमच्या धंद्याने त्यावर अग्रलेख लिहिल्याचे फारसे आठवत नाही.

मग यावर तोडगाच नाही काय? आहे, आणि तो या राज्यानेच शोधून काढलेला आहे. फिरत्या कामगाराचा एक मालक नसतो, तेव्हा त्याला भविष्यनिर्वाह निधी कोण देणार, असा प्रश्न आज मोठ्या गांभीर्याने विचारला जातो, जणू मोबाईल फोनाने तो जन्माला घातला आहे. मुंबईच्या बंदरात, मशीदबंदरच्या गोदामांत, भाजीबाजारात पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसालाही एक मालक नव्हता. सकाळी एका व्यापाऱ्याची पोती, दुपारी दुसऱ्याची. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. सरकार, व्यापारी आणि कामगार यांची मंडळे झाली. हमाल मंडळाकडे नोंदला गेला, टोळीने काम करू लागला; व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरावयाची, आणि मंडळाने त्यातून मजुरी, फंड, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, दवाखाना यांची सोय करावयाची. मालक अनेक, पण हिशेब एक. माथाडीच्या नावाने खंडणी उकळणाऱ्या टोळ्या पुढे निपजल्या, त्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. पण खोट्या नाण्यामुळे टांकसाळ बंद करीत नाहीत. सामाजिक सुरक्षा संहितेने ॲपवरच्या कामगारांची दखल प्रथमच घेतली आणि कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत द्यावी असे म्हटले, हे स्वागतार्ह आहे. मात्र त्या निधीच्या कारभारात आणि कामाचा दर ठरविण्यात त्या मुलाचे म्हणणे किती चालणार, हे माथाडी मंडळाशी ताडून पाहावे.

पुण्याचे एक उदाहरण आम्हांस याहूनही बोलके वाटते. कचराकुंडीत हात घालून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायकांकडे शहर चोर म्हणून पाहत असे. १९९३ साली त्यांची कष्टकरी पंचायत स्थापन झाली. त्यांना ओळखपत्रे मिळाली. पुढे त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये महापालिकेने तिच्याशी करार केला. आता त्या दारोदार जाऊन कचरा घेतात, घरे त्यांना दरमहा ठरलेले शुल्क देतात, विकण्याजोग्या मालावर त्यांचा हक्क असतो. काम तेच आहे. वासही तोच आहे. बदलले ते एवढेच की दार वाजविण्याचा त्यांना अधिकार आहे आणि आपल्या संस्थेच्या सभेत बोलण्याचा अधिकार आहे. कामाला अर्थ कशाने येतो हे शोधण्यासाठी परदेशी विद्यापीठांचे ग्रंथ चाळण्यापूर्वी कोणीही पुण्याच्या एखाद्या पेठेत सकाळी आठ वाजता उभे राहावे.

घटनेच्या ४३ व्या अनुच्छेदात निर्वाहाइतके वेतन सांगून घटनाकार थांबलेले नाहीत; फुरसतीचा आणि सामाजिक-सांस्कृतिक संधींचा उपभोगही त्यांनी कामाच्या अटींत धरला आहे. १९७६ साली त्यात ४३-क जोडला गेला आणि उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याचे धोरण ठरले. तो अनुच्छेद पन्नास वर्षे जवळजवळ अस्पर्श पडून आहे. नव्या संहितेत वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावयास हवी, मालक व कामगार यांचे निम्मे-निम्मे प्रतिनिधी घेऊन. ही तरतूद छोटी आहे, पण हाती आहे. आपल्या कचेरीत ती समिती आहे काय, तिच्यावर कामगारांचे प्रतिनिधी कोणी नेमले, तिची बैठक शेवटची केव्हा झाली, हे प्रश्न लेखी विचारावयास संप करावा लागत नाही. कामाच्या तासांची नोंद कामगाराच्याही हाती असावी, ही दुसरी मागणी. आणि तिसरी, तेच काम करणाऱ्या कंत्राटी माणसास तेच वेतन. ऑक्टोबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हंगामी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हे तत्त्व निःसंदिग्ध शब्दांत सांगितलेले आहे, आणि एप्रिल २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निवाडाही उचलून धरला आहे. ते २७०० लढले म्हणून. इतर कित्येक हजारांचे झाडू अजून ठेकेदाराच्याच हातात आहेत.

आता एक अप्रिय गोष्ट सांगून हा लेख पुरा करू. बारा तासांचा दिवस पाहण्यासाठी चाकणला किंवा तारापूरला जाण्याची गरज नाही. आमच्या बहुतेक वाचकांच्या इमारतीच्या फाटकाशी तो रोज बसलेला असतो. सकाळी आठ ते रात्री आठ एक पहारेकरी, रात्री आठ ते सकाळी आठ दुसरा. पुष्कळ ठिकाणी दोघांनाही साप्ताहिक सुट्टी नाही, आणि एक आला नाही तर दुसऱ्याचे चोवीस तास होतात. पहारेकऱ्यांसाठी महाराष्ट्राने १९८१ साली माथाडीच्याच धर्तीवर कायदा करून मंडळे स्थापन केली आहेत. परंतु मंडळापेक्षा एजन्सीचा माणूस स्वस्त पडतो, म्हणून सोसायटी एजन्सीकडे जाते. स्वस्त का पडतो, हे कमिटीत कोणी विचारीत नाही. दोन पाळ्यांच्या तीन केल्या तर प्रत्येक घराला महिन्याला किती रुपये पडतील, हा हिशेब चिटणिसाला अर्ध्या तासात करता येईल. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. तीत हा विषय घ्यावयाचा असेल, तर अर्ज सभेची नोटीस निघण्यापूर्वी द्यावा.